‘उकरून काढू नका’ हा सल्ला ज्यांनी तपासून पाहिला

घरातल्या कुणावर काही भयंकर गुदरलं, अपघात म्हणा, हल्ला म्हणा, अत्याचार म्हणा, की भोवतालची माणसं दबक्या आवाजात एकमेकांना बजावतात, "तिच्यासमोर तो विषय काढू नका." टीव्हीवर तसलं काही लागलं की चॅनल बदलतात. त्या रस्त्याने जायचं टाळतात. झालं गेलं गंगेला मिळालं, आता खपली काढू नये, काळ जाईल तसं विसरेल. यामागे माया असते, याबद्दल मला तीळमात्र शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की या सल्ल्याचा गुण येतो का?

एका बाईंनी आपलं जवळजवळ सगळं कामाचं आयुष्य या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवलं. नुसत्या मताने नव्हे, मोजमाप करून. त्यांचं नाव एड्ना फोआ. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. बोलण्याच्या आणि वागण्याच्या मार्गाने मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे दोघांनाही सरसकट ‘सायकियाट्रिस्ट’ म्हणतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

फोआ यांचा जन्म १९३७ चा, हैफा शहरातला. शिक्षण आधी इस्रायलमध्ये, मग अमेरिकेत. मिझुरी विद्यापीठाची पीएचडी झाल्यावर त्या फिलाडेल्फियात जोसेफ वोल्पी यांच्याकडे काम शिकायला गेल्या. वोल्पी दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर होते. लढाईने मन खचलेल्या सैनिकांना तेव्हाच्या उपचारांनी गुण येत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यातून त्यांनी एक रीत बसवली. माणसाला आधी अंग सैल सोडायला शिकवायचं, मग त्याच्या भीतीची एक शिडी करायची, आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून एकेक गोष्ट त्याला मनात आणायला लावायची. भीती किती वाटते ते शून्य ते शंभर या आकड्यांत सांगायचं. हे शून्य ते शंभर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फोआ यांचं सुरुवातीचं काम मंत्रचळाच्या रुग्णांवर होतं. सारखे हात धुणारा माणूस पाहिला असेल तर त्याचे हाल तुम्हाला ठाऊक असतील. त्याला सांगायचं, दाराच्या मुठीला हात लाव आणि आता धुवू नकोस. इथेच बसून राहा, मी सोबत आहे. भीती चढते, वाटतं आता काहीतरी होणार, जीव जाणार. मग अर्ध्या-पाऊण तासाने कुणीही काही न करता ती उतरायला लागते. धुण्याने जी भीती टळत होती असं त्याला वर्षानुवर्षं वाटत होतं, ती न धुताही उतरते, हे त्याच्या अंगाला कळतं. सांगून कळत नव्हतं, ते बसून कळतं. फोआ यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे आहे.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव पहिल्यांदा आलं. मराठीत याला आघातोत्तर ताणविकृती म्हणतात, पण बोलताना सगळे पीटीएसडीच म्हणतात. तेव्हा या आजाराचा चेहरा म्हणजे व्हिएतनामहून परतलेला सैनिक. फोआ यांनी याच काळात बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांकडे लक्ष वळवलं. त्यांची स्वप्नं, दचकणं, रस्ते टाळणं, सगळं सैनिकांसारखंच होतं; फरक इतकाच की त्यांची लढाई पार्किंगमध्ये नाहीतर स्वतःच्याच घरात झाली होती.

इथे पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. काळ हे औषध आहे, हे अगदी खोटं नाही. फोआ यांच्या गटाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बलात्कारानंतर ९५ स्त्रियांना बारा आठवडे दर आठवड्याला भेटून त्यांच्या त्रासाची नोंद ठेवली होती. पहिल्या भेटीत, म्हणजे घटनेनंतर साधारण बारा दिवसांनी, ९४ टक्के जणींना पीटीएसडीची सगळी लक्षणं होती. तीन महिन्यांनी ४७ टक्के जणींना. म्हणजे निम्म्या जणी काळाबरोबर आपोआप सावरत होत्या. आणि जवळजवळ निम्म्या नव्हत्या. त्या राहिलेल्या निम्म्यांचं काय झालं, त्यांचं मन नेमकं कुठे अडकलं, हा खरा प्रश्न.

तो समजून घ्यायला एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती मी कल्पिलेली आहे, पण तिच्यासारख्या हजारो आहेत.

फिलाडेल्फियातल्या एका इस्पितळात ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून पहाटे गाडीकडे निघाली. पार्किंगमध्ये पिवळट दिवे, पावसाने ओली जमीन. किल्ली काढायला तिने पर्समध्ये हात घातला तेवढ्यात मागून एक माणूस आला. मानेला चाकू लागला. पुढचं मी लिहीत नाही.

आता दोन वर्षं झाली. तो पकडला गेला, तुरुंगात आहे. पण तिला पिवळे दिवे सहन होत नाहीत. ओल्या जॅकेटचा वास आला की पोटात गोळा येतो. किल्ल्यांचा आवाज, मागून येणारी पावलं, लिफ्टमध्ये शेजारी उभा राहिलेला कुठलाही पुरुष. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं तसं हे झालं, फक्त इथे ताक, पाणी, सरबत, पांढरा रंग, पेला, सगळ्यालाच मन फुंकर घालत बसलंय.

फोआ आणि त्यांचे सहकारी मायकेल कोझॅक यांनी १९८६ मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं ते असं. भीती म्हणजे मनात विणलेलं एक जाळं. त्यात तीन तऱ्हेचे धागे असतात: समोरची गोष्ट (दिवा, वास, पावलं), आपल्या शरीराचं वागणं (धडधड, घाम, थिजणं), आणि त्या दोन्हींचा लावलेला अर्थ (मी मरणार). चांगल्या भीतीत हे धागे जागच्या जागी असतात, म्हणून साप दिसला की आपण मागे सरतो. पीटीएसडीत ते भलत्याच ठिकाणी जोडले जातात. दिवा म्हणजे मरण. धडधड म्हणजे संकट आलंच. आणि या जाळ्याच्या मध्यावर दोन वाक्यं बसलेली असतात: जग म्हणजे सगळीकडे धोका, आणि मी म्हणजे काही न जमणारी, स्वतःला वाचवू न शकलेली बाई.

हे जाळं सोडवायला दोन गोष्टी लागतात. एक, ते जागं व्हायला हवं. झाकून ठेवलेल्या गाठी सुटत नाहीत. आणि दोन, ते जागं असताना त्यात नवी, खरी माहिती शिरायला हवी: पिवळ्या दिव्याखाली दहा मिनिटं उभी राहिले, काही झालं नाही. आठवण सांगितली, रडले, पण वेडी झाले नाही. टाळण्याने नेमक्या याच दोन गोष्टी अडतात. दर वेळी रस्ता बदलला की त्या क्षणी जीव भांड्यात पडतो, आणि मन हिशेब लावतं, रस्ता बदलला म्हणून वाचले. आपण मायेने चॅनल बदलतो तेव्हा त्या हिशेबाला आपणच दुजोरा देत असतो. हे मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. मीसुद्धा किती वेळा चॅनल बदलला होता.

यातून फोआ यांनी जो उपचार उभा केला त्याचं नाव प्रोलाँग्ड एक्स्पोजर. मराठीत ‘दीर्घ सामना’ म्हणता येईल. आठ ते पंधरा बैठका, साधारण आठवड्याला एक, प्रत्येक दीड तासाची. त्याची दोन अंगं आहेत.

पहिलं बाहेरचं. नर्सने टाळलेल्या गोष्टींची यादी करायची आणि प्रत्येकीला शून्य ते शंभरमधला आकडा द्यायचा. दुपारी मैत्रिणीबरोबर पार्किंगमध्ये जाणं, ४०. एकटीने जाणं, ६०. संध्याकाळी जाणं, ८०. इस्पितळाच्या त्याच पार्किंगमध्ये उभं राहणं, १००. मग खालून वर. प्रत्येक ठिकाणी भीती उतरेपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही. यादीत खरोखर धोक्याची गोष्ट कधीच घालत नाहीत. रात्री दोन वाजता निर्मनुष्य गल्लीत एकटीने फिरायला कुणी सांगत नाही, कारण ती भीती शहाणपणाची आहे.

दुसरं अंग आतलं, आणि लोकांच्या अंगावर काटा येतो तो याच्यामुळे. नर्स डोळे मिटून बसते आणि त्या पहाटेची हकिगत सांगते. वर्तमानकाळात: "मी दार उघडतेय. जमीन ओली आहे. मी किल्ली शोधतेय." अथपासून इतिपर्यंत. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. असं पाऊण तास. थेरपिस्ट फारसं बोलत नाही; दर पाच मिनिटांनी हळूच विचारते, आता किती? ९०. ९५. ८०. सगळं रेकॉर्ड होतं आणि ती टेप नर्सने घरी रोज ऐकायची असते.

पहिल्या वेळी हकिगत तुटक असते, चार वाक्यांत संपते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती भरायला लागते, आणि तेव्हा काहीतरी हाती लागतं. समजा आपली नर्स दोन वर्षं स्वतःला एकच गोष्ट विचारत आलीय: मी ओरडले का नाही? चौथ्या वेळी सांगताना ती थांबते. "चाकू इथे आहे," म्हणते, आणि तिचा हात आपोआप गळ्यापाशी जातो, घशाच्या घाटीवर. "ओरडले असते तर आत गेला असता." हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या जागेपर्यंत ती आठवणीत कधी गेलीच नव्हती; दर वेळी त्याच्या आधीच मागे फिरत होती. बैठकीची शेवटची पंधरा-वीस मिनिटं याच्यावर बोलण्यासाठी ठेवलेली असतात. थेरपिस्टने "तुझी काही चूक नव्हती" असं शंभरदा सांगितलं असतं तर ते कानावरून गेलं असतं. आता तिच्याच हाताने तिला सांगितलं.

पण हे तर सगळं सुंदर गोष्टीसारखं झालं. सुंदर गोष्टी सगळ्याच उपचारपद्धतींकडे असतात. अंगारा देणाऱ्याकडेही बरे झालेले लोक असतात. पुराव्यावर आधारलेला उपचार वेगळा ठरतो तो इथून पुढे.

रीत सोपी आहे. रुग्णांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीप्रमाणे कुणाला हा उपचार, कुणाला दुसरा, कुणाला काही आठवडे नुसतं थांबायचं (त्यांना उपचार नंतर मिळतो). चिठ्ठ्या यासाठी की हसऱ्या, धीट, घरचा आधार असलेल्या बायका सगळ्या एकाच गटात जाऊ नयेत. मग कोण किती बरं झालं हे अशा माणसाने मोजायचं, ज्याला कुणाला काय उपचार मिळाला ते माहीत नाही.

फोआ यांचा असा पहिला मोठा अभ्यास १९९१ चा. बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या ४५ स्त्रिया, चार गट. एका गटाला हा सामना, दुसऱ्याला ताण हाताळण्याचं प्रशिक्षण (श्वास, अंग सैल सोडणं, विचार थांबवणं), तिसऱ्याला धीर देणारं समुपदेशन, चौथा गट थांबलेला. उपचार संपला त्या दिवशी पुढे कोण होतं? ताण हाताळण्याचा गट. स्वतःची पद्धत विकायची असती तर फोआ यांनी पेपर तिथेच मिटवला असता. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सामना केलेल्या स्त्रिया सर्वांत चांगल्या होत्या. श्वासाचं तंत्र त्या घडीला आधार देतं. जाळं सुटलेलं असेल तर ते सुटलेलंच राहतं.

मग वाटलं, दोन्ही एकत्र केलं तर दुप्पट गुण येईल. १९९९ मध्ये ९६ स्त्रियांवर ते करून पाहिलं. नाही आला. २००५ मध्ये १७१ स्त्रियांवर आणखी एक जोड देऊन पाहिली, विचार तपासण्याची. तिनेही काही भर पडली नाही. पण त्याच अभ्यासात जे दिसलं ते मला या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. काही स्त्रियांचे उपचार विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी केले होते आणि काहींचे वस्तीपातळीवरच्या बलात्कार-मदतकेंद्रातल्या समुपदेशकांनी. त्या समुपदेशकांना नीट शिकवलं होतं आणि पुढेही मार्गदर्शन मिळत होतं. दोन्हीकडे गुण सारखाच आला. म्हणजे ही चार-दोन जाणकारांच्या हातातली कला नाही. शिकवता येते.

आणि खपली काढण्याची भीती? २००२ मध्ये फोआ, लोरी झोएलनर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं: आठवण सांगायला लावल्याने त्रास वाढतो का? थोड्या स्त्रियांचा वाढला, काही काळ. पण ज्यांचा वाढला त्यांनी उपचार इतरांहून जास्त सोडले नाहीत, आणि शेवटी त्यांनाही इतरांइतकाच गुण आला. खपली काढल्यावर दुखतं, हे खरं. आत पू असेल तर ती न काढल्याने काय होतं, हेही खरं.

पुढे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या इस्पितळांनी हा उपचार आपल्या थेरपिस्टना शिकवायला घेतला. २००७ मध्ये सैन्यातल्या २८४ स्त्रियांवरचा, बहुतेक माजी सैनिक असलेल्या, पॉला श्नर यांचा अभ्यास आला: सामना केलेल्यांपैकी ४१ टक्के जणींना उपचारानंतर पीटीएसडी उरला नव्हता, रोजच्या आयुष्यातल्या अडचणींवर बोलणाऱ्या दुसऱ्या उपचारात २८ टक्के. फायदा खरा आहे, पण शंभरातल्या एकोणसाठ जणींना तो उरलाच होता. शिवाय सामन्याच्या गटातून ३८ टक्के स्त्रियांनी उपचार अर्ध्यावर सोडला, दुसऱ्या गटातून २१ टक्के. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावर ३७० सैनिकांवर खुद्द फोआ यांनी केलेल्या अभ्यासात दहा बैठका दोन आठवड्यांत उरकल्या तरी आठ आठवड्यांइतकाच गुण येतो हे दिसलं. नोकरी-घर सांभाळून दोन-दोन महिने येऊ न शकणाऱ्यांसाठी ही मोठी बातमी. पण त्याच अभ्यासात आठ आठवड्यांचा सामना आणि नुसतं अडचणींवर बोलणं यांत ठळक फरक सापडला नाही. सैनिकांचे घाव हट्टी असतात. हेही छापलं गेलं, आणि छापलं गेलं म्हणूनच मी या क्षेत्रावर विश्वास ठेवते.

हा एकमेव मार्ग नाही. पॅट्रिशिया रेसिक यांनी बसवलेल्या पद्धतीत हकिगत पुन्हा पुन्हा सांगण्याऐवजी ‘माझीच चूक’, ‘आता कुणावर विश्वास नको’ अशी अडकलेली वाक्यं कागदावर मांडून तपासतात. २००२ मध्ये दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, तर गुण जवळजवळ बरोबरीचा. मराठी वाचकाला विचार तपासण्याची ही वाट नवी नाही; अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत केव्हाच आणली आहे. फ्रान्सिन शॅपिरो यांची डोळ्यांच्या हालचालींची पद्धत, ईएमडीआर, हीसुद्धा २०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत आहे.

इथे एक इशारा मात्र कळकळीने द्यायचा आहे. "बोलून मोकळं व्हायला लावा" असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. भाजलेल्या रुग्णांना घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याचा प्रयोग वेल्समध्ये झाला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनी बोलायला लावलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, न लावलेल्यांपैकी ९ टक्के लोकांना. घाईने, एकदाच, जाळं जागं करून तसंच सोडून देणं आणि आठवड्यामागून आठवडे सोबत बसून ते सोडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पहिल्या दिवसांत शेजारपाजाऱ्यांनी खोदून खोदून विचारू नये. तिला बोलावंसं वाटलं तर ऐकावं, विषय बदलू नये, एवढंच. आणि हा उपचार घरच्या घरी करून पाहू नये. मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर आधी सुटका, मग उपचार.

आपल्याकडे मदत शोधायची झाली तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही. पीटीएसडीसाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता, साधारण किती बैठका, गुण येतोय की नाही हे कसं मोजता, हेही विचारा. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नर्सची शेवटची बैठक राहिली. त्या बैठकीत थेरपिस्ट दुसऱ्या आठवड्यात केलेली यादी काढते, पण जुने आकडे दाखवत नाही. एकेक ओळ वाचते आणि विचारते, आता किती? दुपारी पार्किंगमध्ये, मैत्रिणीबरोबर. शून्य. एकटीने. पाच. संध्याकाळी. पंधरा. त्याच जागी, इस्पितळाच्या पार्किंगमध्ये. ती विचार करते. "वीस. पाऊस असेल तर तीस." मग थेरपिस्ट कागद उलटा फिरवून तिच्यापुढे ठेवते, आणि तिच्याच अक्षरात लिहिलेल्या त्या शंभराकडे ती बघत राहते.